दुसऱ्या पाळीचा आठवडा

ओव्हनचा लाल दिवा लागला आणि मी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. मग गॅलरीचं दार. मग न्हाणीघराची ती वीतभर काचसुद्धा, जिच्यातून पालीशिवाय कोणी येत नाही. जळगावात ऑक्टोबरच्या उकाड्यात शहाणं माणूस असं करत नाही. शाळेत विज्ञान शिकवणारी मी, एकोणपन्नास वर्षांची बाई, स्वतःच्याच घरात चोरासारखे पडदे ओढत फिरत होते. काम काय, तर कोंबडीच्या चार तंगड्या भाजायच्या. बुधवार होता, सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि आबा आठ वाजता परत येणार होते.

आबा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून माझ्याकडे आहेत. रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर आपल्यासारख्याच चार म्हाताऱ्यांबरोबर बसतात आणि ठोक्याला आठ वाजता घरी येतात. ते आल्यापासून या घरात मी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. नवरा चोपड्याला बँकेत, शनिवारी येतो, तो तिकडेच काय ते खाऊन घेतो बिचारा.

"अगं वेडे, खिडक्या काय लावतेस?" अक्का सोफ्यावरून म्हणाली. "वास बाहेर जाऊ नये म्हणून? आबा तर आत येणारेत!"

खरंच की. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी सगळ्या खिडक्या परत सताड उघडल्या, पंखा पाचवर केला. अक्का हसायला लागली आणि हसता हसता खोकली.

ती माझी थोरली बहीण, धुळ्याची. सोमवारी एसटीनं आली. महिनाभर खोकला, अंगात बारीक ताप, आणि एक्स-रेत एक डाग. "जुना असेल, नवाही असेल," डॉक्टर म्हणाले, "थुंकीचा रिपोर्ट येऊ द्या." तो रिपोर्ट उद्या अकराला येणार होता. आज दुपारी भाजी निवडता निवडता अक्का म्हणाली, "आईसारखी तंगडी भाज ना ग एकदा. कातडीसकट, कुरकुरीत." छप्पन वर्षांची बाई, स्वतःला सून आली आहे, आणि स्वर अगदी सतराव्या वर्षीचा. नाही म्हणायला तोंड कुठलं असणार?

कातडीसकट हवी म्हटल्यावर दुकानदारानं दोनदा विचारून घेतलं. घरी आणून फडक्यानं टिपून टिपून कोरडी केली, कारण ओल्या कातडीला कधी कुरकुरीतपणा येत नाही, हे आईचं शास्त्र. मांसाला हाडापर्यंत दोन-दोन चिरा दिल्या. मीठ, हळद, ठेचलेला लसूण, लिंबू, आणि आपला काळा मसाला, दगडफुलाचा आणि जाळलेल्या खोबऱ्याचा. वरून शेंगदाण्याच्या तेलाचं बोट. एवढंच. ओव्हन दोनशे अंशांवर ठेवायचा, कातडी वर करायची आणि पाऊण तास थांबायचं. आईजवळ अंश नव्हते. तिच्याजवळ फक्त दुसऱ्या पाळीचा आठवडा होता.

अमळनेरला आम्ही राहायचो तेव्हा आबा तेलाच्या मिलमध्ये होते. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. मिलचा भोंगा झाला की गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा जाग्या व्हायच्या. सरकीच्या ढेपेचा गोडूस, जड वास आबांच्या सदऱ्याला, केसांना, सायकलच्या सीटला असायचा. थंडीत कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या राहायच्या आणि आमच्या शाळेच्या वाटेवर पांढरे पुंजके उडायचे. त्या गावात लहानपण घालवलेल्या माणसाला अजून कुठेही तेल तापल्याचा वास आला की चार वाजलेत असं वाटतं. दुसरी पाळी चारला सुरू व्हायची.

त्या वर्षी अक्का सतरा वर्षांची होती आणि मी दहाची. अक्का खोकायला लागली, तिची मनगटं काडीसारखी झाली. त्या आजाराचं नाव आमच्या घरात कोणी घेत नसे, 'अक्काचं दुखणं' म्हणायचे. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, दाराच्या उजेडाकडची खाट तिची. रोज दुपारी इंजेक्शन आणि सकाळी एक लाल गोळी. त्या गोळीनं लघवी तांबडी व्हायची. पहिल्या दिवशी आईनं ते पाहिलं आणि मोरीतच मटकन खाली बसली. गोळीमुळे होतं असं डॉक्टरांनी समजावलं, तरी पुढे कित्येक दिवस अक्का मोरीतून बाहेर आली की आई तिच्या तोंडाकडे बघायची. मीही बघायची. अक्का मरणार, एवढंच मला तेव्हा कळत होतं, आणि ते मी कोणालाच विचारू शकत नव्हते.

आबा आम्हाला घेऊन धुळ्याला देवीला गेले. पांझरा नदीला पाणी थोडं होतं, दगड उघडे पडले होते. आबांनी देवळात हात जोडले आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "माय, मनी पोर वाचाड," माझी पोर वाचव. आणि नवस बोलले: आजपासून जिवात जीव असेपर्यंत मी मांसाला शिवणार नाही, माझ्या घरातल्या चुलीवर ते चढणार नाही. आबांना कोंबडी म्हणजे जीव की प्राण. रविवारी पाट्यावर मसाला स्वतः वाटायला बसणारा माणूस. जे सगळ्यांत आवडतं तेच त्यांनी देवीपुढे ठेवलं. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि आई त्यांच्याकडे.

कारण आदल्याच दिवशी डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, नुसत्या औषधानं भागायचं नाही. पोरीला खाऊ घाला. अंडी, कोंबडी, जे जमेल ते."

इकडे आड, तिकडे विहीर. आई आठ दिवस घुमी होऊन वावरली. नवव्या दिवशी आबांची दुसरी पाळी लागली. सायकल कोपऱ्यावर वळली आणि आईनं मला पिशवी दिली. पिशवीत पिठाचा डबा, डब्यात पीठ नाही. "दोन तंगड्या. कोणी विचारलं तर दळणाले जाऊ राहिनू म्हन." मी जीव मुठीत धरून गेले आणि डबा पोटाशी धरून आले. वाटेत तीन बायका भेटल्या. तिघींनाही मी न विचारताच सांगितलं की दळण आहे.

आईनं चूल पेटवलीच नाही. मागच्या अंगणात दोन विटा मांडल्या, त्यात पऱ्हाट्या रचल्या. कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या काटक्या, भरताची वांगी त्यांवरच भाजतात. विस्तवात वांगी ठेवली आणि वर सायकलच्या जुन्या स्पोकांत ओवून त्या दोन तंगड्या. गल्लीभर खमंग भाजल्याचा वास सुटला, आणि गल्लीला वाटलं आमच्याकडे भरीत आहे. आमच्या खानदेशात भरताच्या वासाला कोणी मान वळवत नाही.

"आई, नवस?" मी विचारलं.

"चूलवर काय चढनं? काहीच नही," आई म्हणाली. "आनि हाई काय घर शे? अंगण शे हाई."

चुलीवर काही चढलं नाही आणि अंगण म्हणजे घर नव्हे, एवढ्यानं देवीला फसवता येतं हे मला पटेना. आईलाही पटलं नसावं, कारण बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला पुढच्या दाराशी बसवलं आणि म्हणाली, "देख, कोणी येस का." मागे चरबीचा थेंब विस्तवात पडून चुर्र व्हायचं आणि पुढे मला घाम फुटायचा. अक्का तंगडी खायची तेव्हा कातडीचा कुर्रकन आवाज व्हायचा. तो आवाज कोपऱ्यापर्यंत जातो अशी माझी खात्री होती. ती अर्धी तंगडी झाल्यावर थांबायची, दमून. आई म्हणायची, "खा, माय. हाडाजवळचं खा." हाडं चुलीतल्या राखेत नाही, परसातल्या शेवग्याखाली पुरायची. तीन आठवड्यांतून एक आठवडा, त्यात दोन वार. बाकीचे दिवस मी टपरीवरून दप्तरात लपवून आणलेली उकडलेली अंडी.

ऋतू बदलले तसे आमचे बहाणे बदलले. पावसाळ्यात पऱ्हाट्या ओल्या व्हायच्या, म्हणून आई त्या अक्काच्या खाटेखाली रचून ठेवायची, आणि सगळ्या घराला ओल्या लाकडाचा वास यायचा. उन्हाळ्यात वांगी मिळायची नाहीत, मग विस्तवात कांदे, आणि शेजारणीला सांगायचं मसाल्याचे कांदे भाजतेय. श्रावणात कानबाईचे रोट आले, आमच्याकडचा देवीचा सण. घर सारवून, धुऊन, भाऊबंद जमून देवीची स्थापना झाली, आणि मी कानबाईसमोर उभी राहून डोळे वर करू शकले नाही. आपण नवस मोडतोय. नवस मोडला की तो ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावरच देवी राग काढते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. आईनं भाजलं, मी आणलं, आणि मरणार अक्का. रात्री ती खोकली की मी गोधडीत मनातल्या मनात म्हणायची, मला घे, मला घे. मग लगेच भीती वाटायची की खरंच घेईल. मग म्हणायची, नको, कोणालाच नको. खोकला थांबला की आणखी भीती. मी उठून तिच्या नाकाजवळ हात धरायची.

आणि मग ती एक संध्याकाळ आली. मिलमध्ये काही बिघाड झाला, पाळी अर्ध्यात सुटली. मी दाराशी बसले होते, पण दुसरीकडे बघत होते, समोर कोणीतरी कुल्फीवाला थांबवला होता. सायकलची घंटी अगदी कानाशी वाजली. "आबा!" मी ओरडले, ते त्यांना नव्हे, मागे ऐकू जावं म्हणून. आबा हसले, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि थेट मागच्या अंगणात गेले.

मी पाठोपाठ धावले. स्पोक रिकामे होते. अक्का भिंतीकडे तोंड करून बसली होती, ओचा घट्ट धरून. आई वांग्यांवरची राख झटकत होती.

"काय भाजस?"

"वांगं."

आबा हातपाय धुऊन तिथेच बसले. भूक लागली म्हणाले. आबांसाठी आई नेहमी वेगळं वांगं बाजूला भाजायची, त्यावर थेंब पडू नये म्हणून. त्या दिवशी घाईत कुठलं वांगं कुठलं ते तिलाही कळलं नसावं. तिनं ठेचलं, मिरची, लसूण, दाणे घातले, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर वाढली. आबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. आई पदर तोंडात धरून उभी.

"आज भरीत भारी व्हयनं," आबा म्हणाले, आणि आणखी मागितलं.

आईनं वाढलं. ती रात्रभर देव्हाऱ्यासमोर बसून होती हे मला माहीत आहे, कारण मीही जागीच होते.

अक्का मेली नाही. वैशाखात तिच्या गालांवर मांस दिसायला लागलं, पुढच्या दिवाळीला इंजेक्शनं सुटली, मग गोळ्याही सुटल्या. आबा नारळ घेऊन धुळ्याला गेले आणि येताना गल्लीभर पेढे वाटले. "देवीनं केलं," आई म्हणाली. मला विचाराल तर त्या लाल गोळ्यांनी केलं, आणि तंगड्यांनी त्यांना हात दिला. वर्गात मी तेच शिकवते. पण गुरुवारी केस धुवायचे म्हटले की अजून हात थबकतो, आता बोला.

ओव्हनमध्ये चुर्र झालं. कातडी फुगून तांबूस व्हायला लागली होती. पावणेसात वाजले होते. आणि बेल वाजली.

आठची वेळ कधी न चुकवणारे आबा दारात उभे होते. कपाळावर घाम. बागेतल्या एका म्हाताऱ्याच्या नातवानं त्यांना हात धरून आणलं होतं. "चक्कर आली त्यांना, काकू," एवढं सांगून तो गेला. मी आबांना खुर्चीत बसवलं. त्यांनी एकदा नाक वर केलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. वास त्यांना कळला होता. पण त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. त्यांचा हात माझ्या हातात होता, गार आणि घामेजला, आणि बोटं थरथरत होती.

सोमवारी अक्काचा खोकला ऐकल्यापासून आबांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं. पोरीचा रिपोर्ट चांगला येईतो एकच वेळ जेवणार. साखरेचा आजार असलेला, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. मी दोन दिवस रागावून, रडून, हात जोडून पाहिलं. "आते काय सोडू मी?" ते म्हणाले होते. "मनापाशी आखो काय शे?" म्हणजे माझ्याजवळ आणखी आहेच काय सोडायला.

"आबा, गोळी घेतली का साखरेची?"

"लिदी," ते म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवणार नसतील तर ती गोळी द्यायची नाही, म्हणून मी डबी लपवली होती. पण त्यांच्या खिशात जुनी पट्टी होती. सवयीनं घेतली.

मी धावत साखरेचं पाणी आणलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. "नही. सोडेल शे."

"आबा, पडाल तुम्ही! जीव जाईल!"

"जाऊ दे. तिना जीव तरी राही."

अक्का दारात उभी होती. मी काय करणार ते तिला कळलं, कारण तिनं मान हलवली, नको, नको. आबांना सगळं सांगून त्यांचा उपास सोडवू का, असं मी दुपारीच विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "त्यांच्या जन्माची पुण्याई आहे ती, धाकले. ती काढून कशाला घेतेस?" मलाही ठाऊक होतं. चाळीस वर्षं या माणसानं लग्नाच्या पंगतीतून उठून वरण-भात मागितला होता, मित्रांची थट्टा सोसली होती. का, तर आपण सोडलं म्हणून पोर जगली. ते काढून घेतलं की उरणार काय? आणि नाही सांगितलं तर समोर ते असे थरथरत होते. मला इतकी भीती तेव्हाही वाटली नव्हती. गुडघे टेकून मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं.

पिठाचा डबा सांगितला. विटा, पऱ्हाट्या, स्पोक, शेवग्याखालची हाडं सांगितली. "तुमची दुसरी पाळी असली की आई भाजायची. दीड वर्ष. तुमचा नवस आम्ही पहिल्याच महिन्यात मोडला, आबा, आणि तरी अक्का जगली. तुमच्या उपासानं काही होत नाही. पाणी प्या." त्या एका संध्याकाळचं भरीत मात्र मी सांगितलं नाही. ते माझ्याबरोबर जाईल.

आबा माझ्याकडे बघत राहिले. भिंतीवरचं घड्याळ, ओव्हनची घरघर, अक्काचा दाबून धरलेला खोकला. मला वाटलं, मारलं मी यांना.

"तुन्ही मायनी कधी खादी?" त्यांनी विचारलं.

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. "नाही आबा. आईनं एक तुकडा कधी तोंडात घातला नाही. भाजायची, हात धुवायची. तुमच्याबरोबर तिनंही सोडली होती. शेवटपर्यंत."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग माझ्या हातातला पेला स्वतःच्या हातानं घेतला आणि साखरेचं पाणी हळूहळू, थांबत थांबत, सगळं प्यायले.

"मंग ठीक शे," ते म्हणाले. "मनी भाकर आन."

मी उठले. ओव्हनची वेळ संपल्याची घंटी वाजून गेली होती. रिपोर्ट उद्या अकरालाच येणार होता, आणि मला एकटीला चिमट्यात ट्रे धरवेना. अक्कानं येऊन फडक्यानं दुसरी बाजू धरली.

मागून आबांचा आवाज आला, अगदी मिलमधून आल्यासारखा, मोठा.

"तिले आज दोन दे."